मूळ नमुन्यावरून काढलेली चिठ्ठी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय वाळवलेल्या झाडांची राखण व नावनिशी, हल्लीचा व्यवसाय खोकणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे. हात कापतो, पण तो वयाने, कोणाच्या दडपणाने नव्हे. पुढचा सर्व मजकूर मी स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी एकदा चुकलो, ते त्यांनी सोडून दिले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. ते पत्नी हयात असताना केले होते आणि त्यात सर्व काही तिलाच दिले होते. ती माझ्याआधी जाईल हे मी धरलेच नव्हते.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून माझ्या मुलीला नेमतो. ती दातांची डॉक्टर आहे, तेव्हा धरून ठेवलेली वस्तू समोरच्याकडून कशी काढून घ्यायची हे तिला शिकवायला नको.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची अभ्यासाची खोली, मुलीला द्यावे. अभ्यासाच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती जिन्यात उघडते. बाहेरच्या भिंतीला दुसरी पाडू या, असे पत्नी वीस वर्षे म्हणत होती. उजेडाने माझे नमुने फिके पडतील म्हणून मी नाही म्हणत राहिलो. शेवटच्या आजारात तिला त्याच खोलीत ठेवावे लागले, कारण बाकीच्या खोल्यांत खाटेभोवती फिरायला जागा नव्हती. आठ महिने ती त्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका शब्दाने बोलली नाही, आणि मलाही ते तेव्हा सुचले नाही. मुलीने घर ठेवले तर आधी ती दुसरी खिडकी पाडावी.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलीची. किती आहे ते पुस्तकात आहे, त्याने हा कागद वाढवत नाही.

कलम ३. वडिलांचे सागवानी टेबल, ज्यावर मी हे लिहीत आहे, ते धाकट्या भावाला द्यावे. चाळीस वर्षे तो ते मागत आहे आणि चाळीस वर्षे मी त्याला 'बघू' म्हणत आहे. कारणही लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी भलतेच कारण शोधणार नाही. मी घरामागच्या कुंपणालगत एका रानटी झाडाची रांग तीन वर्षे राखली होती. कोणते फूल कधी उमलते, कोणते फळ कधी तडकते, याच्या रोज नोंदी करत होतो. एकदा आम्ही दोघे नवरा-बायको बाहेरगावी गेलो असता भाऊ आला, आमच्यावर उपकार म्हणून ती सगळी रांग मुळासकट उपटली आणि परतल्यावर मला म्हणाला, "दादा, किती रान माजू दिलंस रे." वर चहा मागितला. चहा दिला. टेबल दिले नाही. आज वाटते की रांग पुन्हा लावता आली असती. त्याला टेबल हवे होते ते वडील त्यावर त्याचा अभ्यास घेत म्हणून, हे मला ठाऊक होते.

कलम ४. माझे भिंग, सुया, चिमटे, झाडे दाबायची लाकडी चौकट आणि पुस्तके हर्बेरियमच्या सध्याच्या राखणदारीणबाईंना द्यावीत. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचे कोठार. जाड कागदावर, ज्याला आम्ही शीट म्हणतो, झाड चिकटवायचे, कोपऱ्यात कुठे व कधी मिळाले ते लिहायचे, आणि डांबरगोळ्या घातलेल्या कपाटात त्याच्या नातेवाइकांशेजारी ठेवायचे. नातेवाईक कोण, हे ठरवणे हाच आमचा धंदा. पानाची मांडणी, पाकळ्या, पुंकेसर हे बाहेरून पाहायचे; तेवढ्याने भागले नाही तर खोड आणि बीजांडकोश कापून आत पाहायचे. वरवरचे साम्य फसवते. एकाच जागी राहणारी, एकाच माशीची वाट पाहणारी दोन परकी झाडे जुळ्या बहिणींसारखी दिसू लागतात. राखणदारीणबाई हुशार आहेत. त्यांना माझा एवढाच निरोप की कपाट क्रमांक अकराचे बिजागर डाव्या हाताने उचलून धरले तरच लागते.

कलम ५. शेजारच्या खोलीत बसणारे शेवाळांचे अभ्यासक, ज्यांनी माझ्या रजेच्या काळात माझे खिडकीजवळचे टेबल स्वतःकडे सरकवून घेतले आणि 'शेवाळाला उजेड लागतो' असे कारण दिले, त्यांना काहीही देऊ नये. त्यांचे शेवाळ बाटलीत मेलेले होते. तरी ते भेटायला आले तर मुलीने त्यांना बसवावे. छेदनीस हे नाव त्यांनीच काढले, आणि त्या नावाशी माझे पुढचे कलम आहे.

कलम ६. हे कलम लिहायचे म्हणूनच हा कागद करायला बसलो. बाकीची दोन ओळींत आटोपली असती.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्याकडे छेद-सहायक म्हणून एक तरुण बाई हंगामी जागेवर लागल्या. वाळलेले खोड कोमट पाण्यात भिजवायचे, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, रंगवून काचेवर बसवायचे, हे त्यांचे काम. चिटणीस, फडणीस तसे या छेदनीस, असे शेवाळवाले म्हणाले आणि ते नाव चिकटले. त्यांना ते आवडे. त्यांच्याइतका साफ काप मी दुसऱ्या कोणाच्या हातून पडलेला पाहिला नाही. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

त्याच वर्षी आमचे मोठे साहेब निवृत्त होणार होते. त्यांनी मला नोकरीला लावले, भिंग हातात दिले, आणि त्यांची खुर्ची कोणाला जाईल याची चर्चा चालू होती. त्या सुमारास एका ओढ्याच्या खडकाळ पात्रात मला वीतभर उंचीचे झाड मिळाले. निळसर फूल, वरचा ओठ, खालचा ओठ, पुंकेसर चार, त्यांत दोन लांब आणि दोन आखूड. मुले ज्या फुलाचे गाल दाबून त्याला तोंड उघडायला लावतात त्या कुत्रामुखी फुलांच्या कुळात हे बसेल, असे पाहताक्षणी वाटले. त्या कुळाच्या पुस्तकात असे झाड नव्हते. म्हणजे नवे. मी एक फूल उकळून मऊ केले, त्याचा बीजांडकोश आडवा कापला, चित्र काढले आणि मोठ्या साहेबांचे नाव देऊन ते प्रसिद्ध केले. ज्या शीटवरून नाव ठेवतात तिला मूळ नमुना म्हणतात. त्या नावाचा वाद कधीही निघाला की सगळ्यांना तिच्याकडेच यावे लागते. निरोप समारंभात ते चित्र चौकट करून साहेबांना दिले. ते रडले. तीन आठवड्यांनी खुर्ची मला मिळाली.

आता चूक. बीजांडकोश म्हणजे फुलाच्या तळचा भाग, ज्याचे पुढे फळ होते. आडवा कापला की आत दोन कप्पे आणि मध्ये पडदा दिसतो. कुत्रामुखी फुलांत पडदा सरळ असतो, वांग्याच्या कुळात तिरका. सरळ की तिरका, हे फूल ज्या दांडीला लागले आहे तिच्या मानाने ठरते. म्हणून फूल दांडीसकट कापायचे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात. मी फूल आधी खुडले, मग पाकळ्या सोलल्या, मग बीजांडकोश कापला. सुटी गोल वस्तू काचेवर कशीही फिरते. पडदा सरळ दिसेपर्यंत मी ती फिरवली आणि मग चित्र काढले. ही चूक केली म्हणून मी परीक्षेत मुलांना नापास केले आहे.

छेदनीसबाईंनी एकदा मला विचारले होते, "सर, मूळ नमुन्याच्या खोडाचा नखाएवढा तुकडा घेऊ का?" मी टपाल वाचत होतो. मान डोलावून हो म्हणालो. त्यांनी दोन खोडांचे छेद घेतले, एक माझ्या मूळ नमुन्याचे आणि एक वांग्याच्या कपाटातल्या जुन्या नमुन्याचे. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या असतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या. वांग्याच्या कुळात रसवाहिन्या आतल्या अंगालाही असतात. कुत्रामुखी कुळात त्या आत नसतात. माझ्या झाडात त्या आत होत्या. त्यांनी एक फूल दांडीसकट कापले, तर पडदाही तिरका. ते झाड नवे नव्हतेच. खडकावर उपाशी वाढल्याने खुजे राहिलेले, वांग्याच्या कुळातले, शंभर वर्षांपूर्वी नाव ठेवलेले झाड होते.

आमच्या धंद्यात एखाद्याचे नाव पटले नाही तर शीटवर आपली चिठ्ठी लावायची, खाली तारीख आणि सही. आधीची चिठ्ठी कोणीही, कधीही काढायची नाही. चुकीची असली तरी नाही. काही शीटांवर सहा-सहा चिठ्ठ्या असतात. शंभर वर्षांचे भांडण शेजारी-शेजारी चिकटलेले असते. हा नियम छेदनीसबाईंना मीच पहिल्या दिवशी शिकवला होता. त्यांनी मूळ नमुन्यावर चिठ्ठी लावली. दोन ओळी होत्या: रसवाहिन्या आत-बाहेर, पडदा तिरका, हे जुनेच झाड. मग येऊन मला सांगितले. लपवाछपवी नाही.

मी म्हणालो, "त्या झाडाला साहेबांचं नाव आहे. तुला कळतंय का तू काय करतेस?"

त्या म्हणाल्या, "मी दिसलं ते लिहिलं, सर. तुम्हाला पटलं नाही तर शेजारी तुमची लावा."

माझ्याकडे शेजारी लावण्याजोगे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कोणी नसताना, मी त्या चिठ्ठीवर ओला टिपकागद दहा मिनिटे ठेवला आणि ती अलगद सोडवून घेतली. कागद जराही फाटला नाही. हात तेव्हा कापत नसत. वर्षअखेरीच्या शेऱ्यात मी लिहिले की या सहायकाने मूळ नमुन्यातून विनापरवानगी तुकडा काढला. परवानगी मी दिली होती. ते वाक्य खोटे होते आणि ते लिहिताना ते खोटे आहे हे मला माहीत होते. एवढे आज स्पष्ट लिहितो. त्या शेऱ्यावर त्यांची हंगामी जागा गेली, आणि तो शेरा असल्यावर दुसऱ्या कोणत्याही हर्बेरियमने त्यांना घेतले नाही.

पुढे त्या एका हॉस्पिटलच्या तपासणी विभागात लागल्या. झाडांऐवजी माणसांच्या गाठी कापू लागल्या. हे मला कळले ते पत्नीची गाठ तपासायला दिली तेव्हा. अहवाल घ्यायला गेलो तर खिडकीपलीकडे त्याच. त्यांनी मला ओळखले. पाकीट हातात देताना म्हणाल्या, "छेद मी दोनदा घेतलाय. खात्री करूनच दिलाय." मी पाकीट घेतले आणि 'बरं' म्हणालो. पाठीमागे रांग होती, पत्नी बाकावर बसली होती, ही कारणे खरी आहेत. पण त्यानंतर आठ महिने मी दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी जात होतो.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. पिवळ्या पाकिटात आहे. शीट सरकारी आहे, ती मला कोणाला देता येत नाही. चिठ्ठीही खरे तर माझी नव्हे. तरी माझ्या पश्चात मुलीने ती राखणदारीणबाईंकडे द्यावी, मूळ जागी चिकटवून घ्यावी, आणि हे कलम त्यांना वाचून दाखवावे.

कलम ७. छेदनीसबाई ज्या यंत्रावर काम करत ते छेदयंत्र हर्बेरियमने भंगारात काढले तेव्हा मी रीतसर विकत घेतले. तेल-पाणी वेळेवर केले आहे. पाते नवे घालावे लागेल. ते यंत्र, त्याची लाकडी पेटी आणि काचपट्ट्यांची चारही कपाटे छेदनीसबाईंना द्यावीत. माझ्या इतर वारसांची याला हरकत चालणार नाही.

कलम ८. मी गेल्यावर कोणी फुले आणू नयेत. आणलीच तर त्यांची नावे जमलेल्यांना सांगत बसू नये, लोक चुकीची सांगतात.

इथवर लिहून मी कागद मुलीला वाचायला दिला. ती रविवारी दुपारी आली होती. तिने उभ्यानेच वाचला, सहाव्या कलमाशी आल्यावर खुर्ची ओढून बसली, आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले. मला वाटले रडेल. ती म्हणाली, "बाबा, हे मी वाचून दाखवायचं? म्हणजे चूक तुमची, आणि तोंड माझं?"

मी म्हणालो की माझ्याने आता होत नाही.

"परवा पोस्टात गेलात तेव्हा होत होतं." मग म्हणाली, "आईची पाकिटं त्यांच्या हातून घेत होतात तुम्ही. आईला माहीत होतं?"

नव्हते. तसे सांगितल्यावर तिने कागद माझ्या हातात परत दिला. म्हणून पुढची दोन कलमे जोडतो.

कलम ९. सहाव्या कलमातली चिठ्ठीची व्यवस्था आता लागू नाही. मंगळवारी मी मुलीबरोबर हर्बेरियममध्ये गेलो. बारा वर्षांनी गेलो. राखणदारीणबाईंनी मूळ नमुना आणला. शीटच्या उजव्या कोपऱ्यात दोन बोटे रुंदीचा चौकोन बाकीच्या कागदाहून उजळ होता. इतकी वर्षे जे कोणी ते झाड पाहायला आले त्यांनी तो पाहिला असणार. राखणदारीणबाई म्हणाल्या की तो गोंदाचा डाग असेल असे आम्ही समजत होतो. एका विद्यार्थिनीने या झाडावर दोन वर्षे घालवली, कुत्रामुखी कुळात त्याचे भाऊबंद शोधत, आणि शेवटी विषय सोडून दिला, हेही त्यांनी सांगितले. त्यांना मला टोचायचे नव्हते. त्यांना काही माहीत नव्हते.

मी चिठ्ठी जागेवर चिकटवली. शेजारी माझी लावली: 'शेजारची चिठ्ठी मी काढली होती. तीत लिहिले आहे ते बरोबर आहे. खोडाचा तुकडा माझ्या परवानगीने घेतला होता.' तारीख, सही. राखणदारीणबाईंनी ती वाचली आणि माझ्यासाठी आणलेले पाणी माझ्याकडे सरकवायचे विसरून तसेच हातात धरून राहिल्या.

मोठे साहेब कधीच गेले. त्यांच्या नावाचे झाड आता राहिले नाही. त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. पण खरे तर साहेबांनी ती चिठ्ठी वाचली असती तर स्वतःच म्हणाले असते की माझे नाव पुसा. ते तसे गृहस्थ होते. मी त्यांच्या नावाला जपत नव्हतो, खुर्चीला जपत होतो.

कलम १०. गुरुवारी छेदनीसबाईंकडे गेलो. मुलीने पत्ता हॉस्पिटलमधून मिळवला. त्या यंदाच निवृत्त झाल्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बहीण बरोबर राहते. मी पूर्वी त्यांना अगंतुगं करत असे. दारात तोंडातून 'तुम्ही' निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि आत घेतले. बहिणीने पाणी आणून दिले आणि आतल्या खोलीत गेली.

मी जे केले ते सगळे सांगितले. पाठ करून गेलो होतो, तरी मधे दोनदा तुटले. चिठ्ठी पुन्हा लावल्याचेही सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"लावलीत, बरं झालं," त्या म्हणाल्या. "झाडाचं काम झालं. माझं तसंच राहिलं."

मी हा कागद पुढे केला आणि सातवे कलम दाखवले. त्यांनी सातवे वाचलेच नाही, पहिल्यापासून सुरुवात केली. खिडकीचे कलम वाचताना त्यांनी एकदा मान वर केली, पुन्हा खाली घातली. सहाव्या कलमात बोट ठेवून म्हणाल्या, "इथे चूक आहे. दोन खोडं नव्हती. पाच होती. तुमचं एक आणि वांग्याच्या कपाटातली चार. दोनांवरून मी मूळ नमुन्यावर चिठ्ठी लावली असती का, सर?"

मला दोनच आठवत होती. एकतीस वर्षे दोनच आठवत होती. मनाशी हा हिशेब मांडताना मी दर वेळी त्यांची तीन खोडे वजा करत आलो, हे मला त्यांच्या बोटाकडे बघताना कळले, आणि फार शरम वाटली.

मी 'दोन' खोडायला पेन काढले. त्या म्हणाल्या, "खोडू नका. आहे ते राहू दे, खाली लिहा." मी सांगितले की वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे अशा दुरुस्तीवर साक्षीदारांच्याही सह्या लागतात. साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारले. आमच्या खालच्या मजल्यावरचे बुकबाइंडर तयार आहेत, दुसरा अजून मिळायचा आहे, असे मी म्हणालो.

"मग मी करते."

मी त्यांना समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तुम्ही सही केलीत तर सातवे कलम आपोआप बाद होईल, यंत्र तुम्हाला मिळणार नाही. दुसरा कोणीही साक्षीदार चालेल. मी विनवले, असेच म्हणायला हवे.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात हे कागद रोज व्हायचे. कधी येऊ ते सांगा."

त्या शनिवारी सकाळी आल्या. अभ्यासाच्या खोलीत छेदयंत्र टेबलाशेजारी झाकून ठेवले होते. मी त्यावरचे फडके काढून ठेवायला हवे होते की नको, हे मला कळले नाही आणि मी ते तसेच ठेवले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही, किंवा माझे लक्ष नसताना पाहिले असेल. सातवे कलम मी खोडत नाही. ते मी दिले होते, एवढे कागदावर राहावे. यंत्र आता मुलीकडे जाईल, आणि तिला त्याचा काही उपयोग नाही.

दुरुस्ती: सहाव्या कलमात 'दोन खोडांचे छेद' असे लिहिले आहे. खोडे पाच होती.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरे केले. याहून अधिक कोणाला काही देण्याजोगे माझ्याजवळ नाही.

स्थळ: राहते घर, अभ्यासाची खोली.
दिनांक: सोळा नोव्हेंबर, शनिवार, सकाळचे साडेदहा.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला, खालच्या मजल्यावरचा बुकबाइंडर: हे गृहस्थ शुद्धीवर आहेत. यांनी सही केली तेव्हा मी समोर होतो. पाने मोजून शिवून दिली आहेत, सुटणार नाहीत. (सही)

साक्षीदार दुसरी, माजी छेद-सहायक: यांनी माझ्यासमोर सही केली. करताना हात कापत होता. दिसले तेवढेच लिहिले आहे. (सही)